वाचकांचे प्रश्न : लेनर्ड कोहेन कुठून ऐकायला घ्यायचा?

मागच्या अंकात मी सदराच्या शेवटी लिहिलं होतं की पुढच्या वेळी लेनर्ड कोहेनच्या रेकॉर्डिंगबद्दल बोलू, प्रश्न पाठवा, आणि इतकी पत्रं आणि मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं. सगळी छापायला जागा नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी एवढंच सांगते की कोहेन कॅनडातल्या माँट्रियलचा, 1934चा जन्म, 2016 मध्ये गेला, आणि 1967 ते 2019 मध्ये त्याचे 15 स्टुडिओ अल्बम आले, शेवटचा तो गेल्यावर. आपल्याकडे भावगीतात कवी एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा असतो, याच्याकडे बहुतेक वेळा तिन्ही कामं एकाच माणसाची, आणि तो आधी कवी होता, गाणी नंतर आली.

ताई, मला फक्त ‘हालेलुया’ माहितीये आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. मित्र म्हणतो पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐक. खरंच तसं करू का? — एक विद्यार्थिनी, पुणे

नको, माझं ऐक आणि 1988च्या ‘आयम युअर मॅन’पासून सुरुवात कर. क्रमाने ऐकायला लागलेली कितीतरी माणसं मी तिसऱ्या अल्बमवर अडकलेली पाहिलीत, कारण पहिले तीन अल्बम म्हणजे एक गिटार, एक दबका आवाज आणि भरपूर अंधार, ते सुंदरच आहेत पण त्यांना आधी माणसाची ओळख लागते. ‘आयम युअर मॅन’मध्ये आठच गाणी आहेत, तो 53 वर्षांचा आहे, आवाज खाली उतरलाय, मागे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन वाजतंय, आणि पहिल्यांदा असं वाटतं की या माणसाला गाताना मजा येतेय. ‘एव्हरीबडी नोज’ लाव. शब्द त्याचे, संगीत शॅरन रॉबिन्सनबरोबर केलेलं, आणि मशीनच्या एकसुरी ठेक्यावर मधूनमधून जे तारवाद्य येतं ना ते अरबी ऊद आहे, जॉन बिलेझिकजियनने वाजवलेलं. त्या थंड मशीनवर ती गरम लाकडी तार आली की गाणं एकदम जिवंत होतं. मग ‘टॉवर ऑफ साँग’ लाव, त्यात मध्ये तो स्वतः कीबोर्डवर छोटा सोलो वाजवतो, इतका साधा की शाळेतलं मूलही वाजवेल, आणि मला तो सोलो त्या अल्बममधला सगळ्यात लाडका तुकडा वाटतो कारण जेवढं येतं तेवढंच आणि मनापासून वाजवलंय.

एवढं झालं की मागे जा, 1967च्या ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’कडे. तेव्हा तो 33 वर्षांचा होता, म्हणजे त्या काळच्या पॉप दुनियेच्या हिशेबाने म्हाताराच, कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या छापून झालेल्या, ग्रीसच्या हायड्रा बेटावर स्वतःचं घर, पण लिहून पोट भरत नव्हतं. ‘सुझॅन’ त्याच्याआधी 1966 मध्ये गायिका जूडी कॉलिन्सने रेकॉर्ड केलं होतं आणि तिनेच त्याला स्टेजवर ढकललं. त्या अल्बममध्ये प्रोड्युसर जॉन सायमनचं आणि त्याचं जमलं नाही, सायमनने वाद्यमेळ भरला आणि याला तो काढून टाकायचा होता, काही निघाला काही तसाच राहिला, आणि नीट कान देऊन ऐकलंस तर ती ओढाताण आजही ऐकू येते. त्यातलं ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ मात्र एडमंटनच्या हॉटेलात एका रात्रीत लिहिलेलं, बाहेर बर्फाचं वादळ आणि आडोशाला घेतलेल्या दोन मुली खोलीत झोपलेल्या. एका बैठकीत झालेलं त्याचं असं गाणं फारच विरळा, ते का ते खाली येईलच.

पहिल्या रेकॉर्डवरचा आणि शेवटच्या रेकॉर्डवरचा आवाज एकाच माणसाचा आहे यावर माझा विश्वास बसत नाही. एवढा फरक वयामुळे की मुद्दाम? — निवृत्त शिक्षक, सोलापूर

सर, दोन्ही. सिगारेट आणि वय यांनी आवाज उतरवला हे तर आहेच, पण उतरलेल्या आवाजाचं काय करायचं हे त्याने ठरवलं आणि मला वाटतं त्याच्या सगळ्या रेकॉर्डिंगची गोष्ट तिथेच आहे. सुरुवातीचा आवाज बारीक, जरा नाकातला आणि सुराच्या बाबतीत घाबरलेला, स्वतःच्या गळ्याबद्दल त्याला कधीच खात्री नव्हती. 1984च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’मध्ये पट्टी खाली येते, 1988 मध्ये आणखी खाली, 1992च्या ‘द फ्यूचर’मध्ये तर तो जमिनीवरूनच बोलतो, आणि 2012च्या ‘ओल्ड आयडियाज’पर्यंत गाणं आणि बोलणं यातली भिंत जवळजवळ पडलेली असते. दुसरा कुणी असता तर जुन्या पट्टीत ओरडत राहिला असता. याने चाली सुद्धा अरुंद केल्या, चार-पाच सुरांत फिरणाऱ्या, आणि माइक तोंडाच्या इतक्या जवळ घेतला की श्वास आणि ओठांचा आवाजही रेकॉर्ड होतो.

आणि वरचा सगळा मजला त्याने बायकांच्या आवाजांना देऊन टाकला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि यावर लोक कमी बोलतात. जेनिफर वॉर्न्स, शॅरन रॉबिन्सन, अंजनी थॉमस, पर्ला बटाया, ज्युली क्रिस्टेन्सन, वेब सिस्टर्स, यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं परत परत त्याच्याबरोबर दिसतात आणि त्यांना नुसत्या कोरसवाल्या म्हणणं चूक आहे. तो खाली ओळ ठेवतो आणि त्या तिला उचलून नेतात, चालीचं जे मधुर अंग आहे ते बऱ्याचदा त्यांच्याचकडे असतं. सर, तुम्ही ‘डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह’ हेडफोन लावून ऐका आणि एकदा फक्त मागच्या आवाजांवर लक्ष ठेवा. वॉर्न्सने तर 1987 मध्ये त्याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, ‘फेमस ब्लू रेनकोट’, आणि अमेरिकेत त्याला जवळपास विसरलेल्या लोकांनी त्या अल्बममुळे परत ऐकायला घेतलं.

मी गिटार शिकतोय. सर म्हणतात कोहेनची गाणी सोपी आहेत, मोजकेच कॉर्ड्स. मग लोक एवढं काय म्हणतात? — एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या सरांचं डाव्या हाताबद्दल बरोबर आहे, उजव्या हाताबद्दल नाही. ‘द स्ट्रेंजर साँग’ किंवा 1971च्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’मधलं ‘अ‍ॅव्हलान्च’ लावा आणि फक्त बोटं ऐका, नायलॉनच्या तारांवर ती सलग वेगाने फिरतात, कुठे श्वास घेत नाहीत, आणि त्यावर आवाज मात्र अगदी संथ चालतो. बोटं धावतायत आणि गळा चालतोय, हे एकाच वेळी करून बघा म्हणजे कळेल किती कठीण आहे ते. कॉर्ड बदलायची घाई नाही, सगळा ताण त्या बोटांच्या फिरतीतून येतो.

हे त्याला कुठून मिळालं ते त्याने स्वतः 2011 मध्ये स्पेनमध्ये ओव्हिएदोला प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार घेताना सांगितलं, ते भाषण जरूर शोधून ऐका. तरुणपणी माँट्रियलमध्ये आईच्या घरामागच्या पार्कात एक स्पॅनिश मुलगा गिटार वाजवताना दिसला, कोहेनने त्याला शिकवशील का विचारलं, दोघांची भाषा एक नाही, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलणं झालं. पहिल्या दिवशी त्याने बोटं धरून कॉर्ड्स दाखवले, सहा कॉर्ड्सचा एक क्रम, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी जरा जमलं. चौथ्या दिवशी मुलगा आलाच नाही. चौकशी केली तर कळलं त्याने आत्महत्या केली होती. कोहेन म्हणाला की ते सहा कॉर्ड्स आणि ती वाजवायची पद्धत हाच माझ्या सगळ्या गाण्यांचा पाया आहे. तुम्ही सहाच कॉर्ड्स येतात म्हणून खट्टू होऊ नका, तेच सहा रोज वाजवा.

‘हालेलुया’ असलेला अल्बम कंपनीने नाकारला होता हे खरं आहे का? एवढं गाणं कुणी नाकारेल कसं? — एक वाचक, नाशिक (असाच प्रश्न अमरावती आणि पणजीहूनही)

खरं आहे. ‘व्हेरियस पोझिशन्स’ 1984 मध्ये तयार झाला, प्रोड्युसर जॉन लिसॉअर, आणि कोलंबिया ज्यांचं लेबल त्या सीबीएस रेकॉर्ड्सचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी तो अमेरिकेत काढायला नकार दिला, कॅनडा-युरोपात आला, अमेरिकेत नंतर एका छोट्या लेबलने काढला आणि फारसा कुणाच्या कानावर गेला नाही. नाकारला कसा, तर आपण आज गाणं ऐकतो तेव्हा मागच्या तीस-चाळीस वर्षांत ते किती जणांनी गायलंय ते सगळं आपल्या कानात असतं. तेव्हा त्या ऑफिसात बसलेल्यांना काय ऐकू आलं असेल, पन्नाशीचा एक माणूस, आधीच्या दोन-तीन रेकॉर्ड्स न खपलेल्या, जाड आवाज, कोरस आणि सिंथेसायझर. आणि हो, याच अल्बमच्या सुमारास त्याने एक स्वस्तातला कॅसिओ कीबोर्ड घेतला होता, बोट दाबलं की ठेका आपोआप सुरू होणारा, ‘डान्स मी’ त्याच ठेक्यावर झालं. लोक त्या कीबोर्डला नावं ठेवतात, मला तो त्याच्या आयुष्यातला मोठा शोध वाटतो, कारण गिटारच्या बोटांच्या सवयीतून तो पहिल्यांदा सुटला आणि 1988चा अल्बम त्यातूनच निघाला.

आता ‘हालेलुया’ गाण्याबद्दल. सहा मात्रांचा झुलता ठेका, दादऱ्याच्या जवळ जाणारा, आणि लिहायला कित्येक वर्षं. कडव्यांचे सुमारे ऐंशी मसुदे त्याने वह्यांत भरले होते, न्यूयॉर्कच्या रॉयल्टन हॉटेलात नुसत्या अंडरवेअरवर जमिनीवर बसून डोकं आपटत होतो असं त्याने सांगितलंय. नंतर पॅरिसच्या एका कॅफेत बॉब डिलनने विचारलं की हे लिहायला किती वेळ लागला, तर हा म्हणाला दोन वर्षं, खरं तर त्याहून जास्त लागली होती पण सांगायची लाज वाटली, आणि डिलनच्या एका गाण्याबद्दल याने तेच विचारलं तर उत्तर आलं पंधरा मिनिटं. त्या डिलननेच 1988 मध्ये माँट्रियलच्या आपल्या कार्यक्रमात ‘हालेलुया’ गायलं, बाकी फारसं कुणी गात नव्हतं तेव्हा.

मग 1991 मध्ये ‘आयम युअर फॅन’ नावाच्या, कोहेनची गाणी दुसऱ्यांनी गायलेल्या अल्बमसाठी जॉन केलने कोहेनकडे शब्द मागितले, फॅक्सवर पंधरा पानं आली, केलने त्यातून आपली कडवी निवडली आणि फक्त पियानोवर गायला. तो ऐकून जेफ बकलीने 1994च्या ‘ग्रेस’मध्ये गिटारवर गायलं, 1997 मध्ये बकली बुडून गेला आणि त्याचं रेकॉर्डिंग हळूहळू सगळीकडे पोचलं. 2001च्या ‘श्रेक’ सिनेमात वाजतं ते केलचं, सिनेमाच्या गाण्यांच्या अल्बमवर मात्र रूफस वेनराइटचं. 2008च्या नाताळात ब्रिटनमध्ये अलेक्झांड्रा बर्कचं पहिल्या नंबरवर आणि बकलीचं दुसऱ्यावर होतं, आणि खुद्द कोहेनचं मूळ रेकॉर्डिंग पहिल्या चाळीसात. नाकारलेल्या अल्बममधलं गाणं, चोवीस वर्षांनी. मूळ रेकॉर्डिंग ज्यांना कोरडं वाटतं त्यांनी बकलीला थोडा वेळ बाजूला ठेवून ते ऐकावं, कोहेन तिथे दुःख करत बसलेला नाही, तो हरलेला माणूस उभा राहून शपथ घेतल्यासारखा गातो आणि मला तीच बाजू खरी वाटते.

फिल स्पेक्टरबरोबरचा अल्बम वाईट आहे असं वाचलं, टाळू का? — एक वाचक, ठाणे

1977चा ‘डेथ ऑफ अ लेडीज मॅन’. प्रोड्युसर स्पेक्टर टेप्स आपल्या घरी घेऊन गेला, कोहेनने कच्चे म्हणून गायलेले ट्रॅक पक्के म्हणून मिक्स केले आणि कोहेनला पुन्हा गायची संधीच दिली नाही. वाद्यांच्या गर्दीत कवी हरवलाय, मला तो दोनदा ऐकवत नाही. त्याऐवजी त्याच्या पुढचा, 1979चा ‘रीसेंट साँग्ज’ घ्या, हेन्री लूवीबरोबर केलेला, व्हायोलिन आणि ऊद सगळीकडे, निवांत आणि मोकळा. फार कमी लोक ऐकतात आणि पहिल्या पाचात ठेवावा असा आहे.

आमच्या गिरगावात जुने लोक सांगतात की हा गायक मुंबईत येऊन राहिला होता. खरं का? आणि त्याच्या गाण्यांत त्याचा काही माग सापडतो का? — एक वाचिका, मुंबई

अगदी खरं, आणि हा प्रश्न आला म्हणून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. 1992च्या ‘द फ्यूचर’नंतर कोहेन कॅलिफोर्नियात माउंट बाल्डीवरच्या झेन मठात जाऊन राहिला, 1994 पासून, 1996 मध्ये रीतसर भिक्षू झाला, तिथे पहाटे उठायचं, स्वयंपाक करायचा, म्हाताऱ्या गुरूंची गाडी चालवायची. डिप्रेशन मात्र जाईना, ते त्याला तरुणपणापासून होतं. तिथेच त्याच्या वाचनात रमेश बाळसेकरांचं पुस्तक आलं आणि 1999च्या सुरुवातीला मठ सोडून तो थेट मुंबईला आला.

बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख, ऐंशी पार केलेले, वॉर्डन रोडजवळ गामडिया रोडवरच्या आपल्या घरी रोज सकाळी आलेल्या लोकांशी बोलायचे. आणि तुमच्या गिरगावचा धागा असा की बाळसेकरांचे गुरू निसर्गदत्त महाराज, खेतवाडीतले, विड्यांचं दुकान चालवणारे, मराठीत बोलायचे आणि परदेशातून आलेल्यांसाठी ते इंग्रजीत करून सांगणाऱ्यांत बाळसेकर होते. म्हणजे खेतवाडीच्या माळ्यावरचं बोलणं एका हाताने पुढे जात जात माँट्रियलच्या कवीपर्यंत पोचलं. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात काही महिने राहिला, सकाळी बाळसेकरांकडे, मग ब्रीच कँडीला पोहायला, मग खोलीत बसून लिहिणं आणि चित्रं काढणं. नंतरची काही वर्षंही तो येत राहिला. त्याच सुमाराला डिप्रेशन उतरलं, का उतरलं ते मलाही नक्की माहीत नाही असं तो सांगायचा, वय वाढलं की मेंदूतल्या काळजीच्या पेशी मरतात असं कुठेतरी वाचलं होतं म्हणायचा.

आता गाण्यातला माग. 2001चा ‘टेन न्यू साँग्ज’ लावा. त्यात सतार नाही, तबला नाही, भारत म्हणून दाखवता येईल असं काहीच नाही, आणि मला तेच आवडतं, त्याने इथून वाद्यं उचलून नेली नाहीत. बदललाय तो सूर. आधीच्या अल्बममध्ये राग आहे, जग बुडतंय याचा आवेश आहे, इथे तो सगळा निवळलेला, करणारा मी नाहीच मग भांडू कुणाशी असं काहीतरी त्या गाण्यांच्या तळाशी चाललेलं असतं, आणि ‘कर्ता कुणीच नाही’ हीच बाळसेकरांची मुख्य शिकवण होती. ‘बूगी स्ट्रीट’ आणि ‘अ थाउजंड किसेस डीप’ लागोपाठ ऐका. रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला घरच्या छोट्या स्टुडिओत, चाली आणि जवळपास सगळी वाद्यं शॅरन रॉबिन्सनची. तिला वाटत होतं आपण सिंथेसायझरवर वाजवलेले ट्रॅक नमुन्यासाठी आहेत, नंतर खरे वादक बसतील, पण कोहेनने ते तसेच ठेवायला लावले. कव्हरवर दोघांचा फोटो आहे, तो अल्बम दोघांचा आहे आणि तसाच ऐकावा.

माझं इंग्रजी बेताचं आहे. शब्दच कळले नाहीत तर कोहेन ऐकण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, लातूर

आहे हो, नक्की आहे. एक तर उच्चार इतके स्वच्छ आणि चाल इतकी संथ की चार वेळा ऐकलं की निम्मं आपोआप कळतं, शब्द समोर ठेवून ऐका. दुसरं म्हणजे तो स्वतःही दुसऱ्यांच्या भाषेतून शिकलाय. स्पॅनिश कवी लोर्का त्याचा देव, मुलीचं नावसुद्धा लोर्का ठेवलं, आणि लोर्काच्या एका कवितेवरून ‘टेक धिस वॉल्ट्झ’ केलं तेव्हा इंग्रजीत आणायलाच दीडशे तास लागले असं त्याने सांगितलंय. तुम्ही तिथूनच सुरू करा, तीन मात्रांचा ठेका आहे, अंग आपोआप डोलायला लागतं, अर्थ मागाहून येऊ दे.

लाइव्ह अल्बम खूप दिसतात, एकच घ्यायचा तर कुठला? आम्ही 2009 मध्ये त्याला प्रत्यक्ष ऐकलंय, अजून विसरलो नाही. — मराठी जोडपं, न्यू जर्सी

तुमचा हेवा वाटला. एकच घ्यायचा तर ‘लाइव्ह इन लंडन’, ओटू अरेनात 17 जुलै 2008ला झालेला कार्यक्रम, पुढच्या वर्षी आला. पण त्याआधी काय झालं ते इतर वाचकांना सांगते. तो मठात असताना आणि नंतरही त्याचे पैसे ज्यांच्या हातात होते तिथून म्हातारपणासाठी ठेवलेली जवळपास सगळी रक्कम गेली, 2005 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, निकाल बाजूने लागला पण पैसे हाती आले नाहीत. पंधरा वर्षं स्टेजवर न गेलेला माणूस 73व्या वर्षी मे 2008 मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक्टनसारख्या छोट्या गावापासून पुन्हा सुरू झाला आणि मध्ये थांबत थांबत डिसेंबर 2013 पर्यंत साडेतीनशेहून जास्त कार्यक्रम केले, प्रत्येक जवळपास तीन तासांचा.

लंडनच्या रेकॉर्डिंगमध्ये मला सगळ्यात काय आवडतं तर जुन्या गाण्यांना त्यांचं हक्काचं घर मिळालंय. स्पॅनिश वादक हाविएर मासच्या तारा, नील लार्सनचा ऑर्गन, आणि गाणी आताच्या खोल पट्टीत बसवलेली, ‘सुझॅन’सुद्धा. ‘इफ इट बी युअर विल’ येतं तेव्हा तो पहिल्या ओळी नुसत्या वाचतो आणि बाजूला होतो, पुढचं सगळं वेब सिस्टर्स गातात, एकीकडे हार्प आणि एकीकडे गिटार. स्वतःचं इतकं जवळचं गाणं दुसऱ्यांच्या स्वाधीन करून टोपी हातात घेऊन ऐकत उभं राहायचं, हे किती गायक करतील? कुणी सोलो वाजवायला लागलं की तो टोपी काढायचा, तुम्ही तर पाहिलंच असेल. हवा तर दुसरा म्हणून 1970च्या, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या महोत्सवाचा घ्या, लाखोंची बिथरलेली गर्दी, पहाटेची वेळ, आणि हा येऊन म्हणतो सगळ्यांनी एकेक काडी पेटवा म्हणजे मला तुम्ही कुठे आहात ते दिसेल. तोही 2009 मध्ये आला.

‘थँक्स फॉर द डान्स’ तो गेल्यावर मुलाने पूर्ण केला. असं दुसऱ्याने पुरं केलेलं काम त्याचंच मानायचं का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मलाही अशा रेकॉर्ड्सची धास्ती वाटते, कारण बऱ्याचदा कपाट झाडून जे निघेल ते विकलेलं असतं. इथे मात्र मी निःशंकपणे ‘त्याचंच’ म्हणेन, आणि त्यासाठी आधीचा अल्बम बघायला हवा. ‘यू वाँट इट डार्कर’ 2016चा. पाठीच्या मणक्यांना फ्रॅक्चर, उठता-बसता येईना, तेव्हा मुलगा अ‍ॅडमने लॉस एंजेलिसच्या घरातच माइक लावला आणि कोहेन दुखण्यासाठीच्या खास खुर्चीत बसून गायला. शीर्षकगीतात जो पुरुषांचा कोरस आहे तो माँट्रियलच्या शार हाशोमायिम सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचा, कोहेनच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाणं-येणं होतं तिथला. म्हणजे तो लहानपणी ज्या आवाजांत बसायचा ते आवाज शेवटी त्याच्या बाजूला येऊन उभे राहिले. अल्बम 21 ऑक्टोबरला आला आणि 7 नोव्हेंबरला तो गेला.

त्या काळात त्याने आणखी शब्द बोलून ठेवले होते, काहींना चाल होती, काहींना नुसते दोन-चार कॉर्ड्स, आणि ते पुरं कर असं त्यानेच अ‍ॅडमला सांगितलं होतं. अ‍ॅडमने वडिलांच्या घराजवळ मागच्या गॅरेजात काम सुरू केलं, हाविएर मासला बोलावून कोहेनचीच गिटार त्याच्या हातात दिली, म्हणून ‘हॅपन्स टू द हार्ट’ ऐकताना पहिल्या रेकॉर्डवरची बोटं परत आल्यासारखी वाटतात. जेनिफर वॉर्न्सही आहे. 2019 मध्ये आला, नऊ गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपतो, आणि मला पटतं ते हे की अ‍ॅडमने कुठेही वडिलांच्या आवाजाला गाणं बनवायची जबरदस्ती केलेली नाही, जिथे नुसतं बोलणं होतं तिथे बोलणंच ठेवलं आणि वाद्यं त्या बोलण्याच्या लयीने हळू चालतात. शेवटचं ‘लिसन टू द हमिंगबर्ड’ तर स्टुडिओतलं नाहीच, ऑक्टोबर 2016 मध्ये पत्रकारांसमोर त्याने ती कविता सहज म्हणून दाखवली होती, तोच आवाज उचललाय. थकलेला आहे, पण शब्दन्‌शब्द जागच्या जागी आहे. आधी ‘यू वाँट इट डार्कर’ आणि लगेच हा, असे दोन्ही एका बैठकीत ऐका, मिळून तासाभराचंच काम आहे.

‘डियर हेदर’ आणि ‘पॉप्युलर प्रॉब्लेम्स’बद्दलचे प्रश्न या वेळी राहिले, ते पुढच्या अंकात सुरुवातीलाच घेते. त्यानंतर जोनी मिचेल. तिच्या ‘ब्लू’बद्दल पत्रं येतीलच, पण सत्तरीच्या दशकातल्या पुढच्या, जॅझकडे वळलेल्या रेकॉर्ड्सबद्दलही आवर्जून विचारा.